विश्लेषण : ना लीग, ना टीव्ही, ना तिकीट… तरी अकोल्यातला फुटबॉल सामना पाहायला लोक का जातात?

मेस्सीला लांबून पाहण्यासाठी लोकांनी हजारो रुपये मोजले. आपल्या गावातला सामना फुकट असतो, तरी मैदान अर्धं रिकामं. वऱ्हाडातल्या मैदानी फुटबॉलचं नेमकं दुखणं काय, ‘नॉन-लीग’ म्हणजे काय आणि एका साध्या गणिताने काय बदलू शकतं, हे एका प्रेक्षकाच्या नजरेतून.

रविवार, दुपारी साडेचार

बडनेऱ्याहून गाडी पकडली की मूर्तिजापूर मागे टाकत अकोला दीड तासाच्या आत येतं. अंतर सुमारे ८० किलोमीटर. नोकरी अमरावतीत, घर अकोल्यात, त्यामुळे हा प्रवास माझ्या सवयीचा. पण त्या रविवारी घरी न जाता थेट मैदानावर गेलो. एका खुल्या स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना होता. एका बाजूला मोर्णेपलीकडची आमची पोरं, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेला तगडा संघ. दोन्ही संघांची नावं इथे देत नाही. त्यातली बरीच मुलं कामावर ‘तब्येत बरी नाही’ सांगून आलेली असतात.

मैदान म्हणजे काय, तर चुन्याने आखलेल्या रेषा, एका गोलला जाळी पूर्ण, दुसऱ्याला अर्धी. एका कोपऱ्यात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना ‘अर्धा तास थांबा रे’ म्हणून कसंबसं हलवलेलं. स्पीकरवर एकजण एकाच दमात मराठी, हिंदी आणि उर्दूत समालोचन करतोय. प्रेक्षक तीनशे असतील, फार तर चारशे. बसायला दोन पायऱ्या, बाकीचे दुचाकीवर रेलून. फल्लीदाणेवाला आणि चहावाला यांना सामन्याची वेळ आयोजकांपेक्षा जास्त पक्की माहीत.

मला या मैदानाची सवय मामाने लावली. तो बचावफळीत खेळायचा. त्याचा एकच नियम होता : ‘‘मॅच पाहायची असन त येळेवर ये. अर्ध्यातून आलेला माणूस स्कोअर इचारते, मॅच नाही पाहत.’’ आज डेस्कवर बसून मी दिवसभर स्कोअरच टाकत असतो. कदाचित म्हणूनच मैदानावर वेळेवर जातो.

‘नॉन-लीग’ हा शब्द आला कुठून?

इंग्लंडमधून. तिथे १८८८ मध्ये ‘फुटबॉल लीग’ सुरू झाली. आज वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत : प्रीमियर लीगचे २० आणि खालच्या तीन विभागांचे प्रत्येकी २४, म्हणजे ७२. या ९२ च्या खाली जे काही खेळलं जातं त्याला तिथे सरसकट ‘नॉन-लीग’ म्हणतात.

नावात ‘नॉन’ असलं तरी तिथेही लीग असतातच. पाचव्या पातळीपासून खाली गावागावांपर्यंत एकाखाली एक विभाग लागलेले आहेत. जिंकलात तर वर, हरलात तर खाली. त्यामुळे सुतार, शिक्षक, ट्रकचालक खेळतात अशा संघालाही कागदावर का होईना, वर जाण्याची वाट असते.

ही वाट खरी असते, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जेमी व्हार्डी. एका कारखान्यात काम करत तो नॉन-लीग क्लबकडून खेळायचा. २०१२ मध्ये तो लेस्टर सिटीत गेला, २०१५ मध्ये इंग्लंडकडून खेळला आणि २०१६ मध्ये लेस्टरसोबत प्रीमियर लीग जिंकली. २०१७ मध्ये लिंकन सिटी हा नॉन-लीग संघ एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला, तेव्हा असं होऊन शंभरहून जास्त वर्षं लोटली होती.

२०१० पासून तिथे ‘नॉन-लीग डे’ही पाळला जातो. मोठ्या संघांचे सामने नसतात अशा शनिवारी चाहत्यांना सांगितलं जातं, आज घराजवळच्या मैदानावर जा, तिकीट काढा, चहा प्या. इंग्लंडमध्येही लोकांना हे सांगावं लागतं, हे लक्षात घ्या. म्हणजे अर्धं रिकामं मैदान फक्त आपलीच गोष्ट नाही.

मग आपल्याकडची उतरंड कशी?

नावं अधूनमधून बदलतात, पण ढोबळ रचना अशी आहे :

• सर्वांत वर इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. सुरुवात २०१४.
• त्याखाली आय-लीग या नावाने ओळखली गेलेली लीग. ही २००७ मध्ये सुरू झाली आणि एकेकाळी देशातली सर्वोच्च लीग होती.
• त्याखाली आय-लीग २ आणि २०२३ पासून आय-लीग ३.
• त्याखाली राज्यांच्या लीग आणि शेवटी जिल्हा पातळी.

महाराष्ट्रात फुटबॉलचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे ‘विफा’कडे आहे. ही संघटना १९११ ची. जिल्हा संघटना तिला संलग्न असतात.

इथे वऱ्हाडी वाचकाला एक फरक माहीत हवा. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतःची संघटना आहे, स्वतःचा रणजी संघ आहे. त्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा विदर्भाकडून खेळत आयपीएलमध्ये गेला आणि २०२५ च्या विजेत्या बेंगळुरू संघाचा यष्टिरक्षक होता. अमरावतीतल्या बारा वर्षांच्या क्रिकेटपटूला पायऱ्या दिसतात. किती अवघड आहेत ते वेगळं, पण दिसतात.

फुटबॉलमध्ये विदर्भ वेगळा नाही. अकोल्याच्या पोराला राज्याच्या संघात यायचं तर मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर या सगळ्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्यावर माझी तक्रार नाही. स्पर्धा असावीच. तक्रार ही आहे की त्या रांगेपर्यंत पोहोचेस्तोवर त्याने पुरेसे सामने खेळलेलेच नसतात.

खरं दुखणं : एक सामना आणि घर

मी इंजिनीअरिंग करून पत्रकारितेत आलो. घरच्यांना अजून त्याचा हिशेब लागलेला नाही, पण आज त्या शिक्षणाचा थोडा उपयोग करू.

माझ्या पाहण्यातलं आपल्याकडचं बहुतेक खुलं फुटबॉल नॉकआउट पद्धतीचं असतं. हरलात की बाहेर. समजा १६ संघांची स्पर्धा आहे. एकूण सामने किती? १५. कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि विजेता ठरायला १५ संघ बाद व्हावे लागतात.

आता संघांच्या बाजूने पाहा. ८ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी. आणखी ४ संघ दुसऱ्या सामन्यानंतर घरी. म्हणजे १६ पैकी १२ संघ एक किंवा दोन सामने खेळून मोकळे. सरासरी काढली तर प्रत्येक संघाच्या वाट्याला दोनपेक्षाही कमी सामने येतात. वर्षभर पहाटे पाचला उठून सराव करायचा आणि एका दुपारी, एका चुकलेल्या पेनल्टीवर हंगाम संपायचा.

लीगमध्ये १० संघ असतील आणि प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदाच खेळला, तर सामने होतात ४५ आणि प्रत्येक संघाला मिळतात ९. तळाच्या संघालाही ९. पहिल्या रविवारी गचाळ खेळलेल्या पोराला दुसऱ्या रविवारी ते पुसून टाकता येतं. प्रशिक्षकाला कोण दमतो, कोण घाबरतो, कोण चिखलातही पास देतो, ते कळतं. एका सामन्यातून यातलं काहीच कळत नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक डावखुरा होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राहायचा. सतराव्या वर्षापर्यंत शाळेच्या, मग ज्युनिअर कॉलेजच्या स्पर्धा होत्या. शालेय गटात निदान सुब्रतो कपसारखी स्पर्धा आहे, जी १९६० पासून चालू आहे. वयाची अट ओलांडली आणि त्याच्या हातात वर्षाकाठी चार-पाच खुल्या स्पर्धा उरल्या. त्यातल्या दोन पहिल्याच फेरीत संपल्या. एकोणिसाव्या वर्षी तो एमआयडीसीत लागला. त्याला कुणी काढलं नाही, दुखापत झाली नाही, वाद झाला नाही. रविवारी खेळायला काही नव्हतं, एवढंच. आता त्या रविवारी तो ओव्हरटाइम करतो.

वऱ्हाडातल्या फुटबॉलला कुणी मारलं असा आरोप मी करत नाही. ते असं, रविवार रिकामा राहून, हळूहळू सुटत जातं.

काळी माती आणि फुटबॉल यांचं जमत का नाही?

दुसरं कारण पायाखाली आहे. वऱ्हाडची काळी माती कापसाला सोनं, मैदानाला मात्र डोकेदुखी. या मातीतल्या चिकणमातीच्या कणांत पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल चिकटतो. उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी होते आणि भेगेत पाय अडकून घोटा मुरगळतो.

उपाय सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतो. वरचा थर काढायचा, मुरूम टाकून दाबायचा, पाण्याला उतार द्यायचा, कडेने चर काढायचे, वर हलकी माती आणि गवत. पण गवताला पाणी लागतं, निगा लागते आणि मुख्य म्हणजे मैदान मोकळं लागतं. आपल्याकडचं खुलं मैदान एका महिन्यात प्रदर्शन, सभा, लग्न, मेळा आणि फटाक्यांचा बाजार असं सगळं सोसतं. मंडपाच्या खांबांनी पडलेले खड्डे दुसऱ्या दिवशी कोणी बुजवत नाही. आमचा एक गोलकीपर सामन्याआधी दहा मिनिटं गोलसमोरचे खिळे आणि काचा वेचतो. तो त्याच्या वॉर्मअपचा भागच झालाय.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. मी तेव्हा त्याच्या बातम्या वाचून खूश झालो होतो, आजही त्या रस्त्याने जाताना बरं वाटतं. ज्या भागात पाच दिवसांत एवढा रस्ता होतो, तिथे शंभर मीटरचं एक मैदान सपाट ठेवणं तंत्राच्या आवाक्याबाहेरचं नाही. ते कुणाच्या यादीत वर नाही, एवढंच.

हवामान तिसरी गोष्ट. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पावसाळ्यात चिखल. त्यामुळे खेळायला खरी खिडकी दिवाळी ते होळी एवढीच. आणि नेमक्या त्याच खिडकीत मैदानं सर्वांत जास्त भाड्याने जातात.

कोल्हापूरला जमतं, मग इथे का नाही?

स्थानिक फुटबॉल म्हटलं की महाराष्ट्रात कोल्हापूरचं नाव निघतंच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. यातले अनेक संघ तालमी आणि मंडळांतून उभे राहिले. हंगामाची सुरुवात केएसएच्या लीगने होते, मग नॉकआउट स्पर्धा. शाहू स्टेडियमवर सामन्याला हजारो लोक येतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

यात शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली, संघ पेठेचा असतो. पोरगा हरला तर गल्लीतली आजी त्याला विचारते. ही मालकी पैशाने विकत मिळत नाही. दुसरी, क्रम. आधी लीग, मग नॉकआउट. लीगमध्ये संघ घडतो, नॉकआउटमध्ये तो गाजतो. आपण फक्त गाजण्याचा भाग उचललाय.

कोल्हापूरचं सगळंच घेऊ नये, हेही खरं. तिथे हुल्लडबाजीमुळे, हाणामारीमुळे सामने थांबलेले आहेत. पेठेचा अभिमान कधी पेठेच्या भांडणात बदलेल याचा नेम नसतो.

आणि कोल्हापूर दूर वाटत असेल तर नागपूर जवळ आहे. तिथे जिल्हा संघटनेची विभागवार लीग आहे. जुनी लष्करी छावणी असलेल्या कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा राहुल क्लब ही नावं विदर्भातल्या फुटबॉलवेड्यांना सांगावी लागत नाहीत. विदर्भातल्याच नागपुरात विजय बारसे यांनी ‘स्लम सॉकर’ उभं केलं आणि त्यावरून नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ केला. तेव्हा ‘विदर्भात फुटबॉल कुठे?’ हा प्रश्न आता विचारू नये.

अमरावतीचंही तसंच. ज्या गावात १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, ज्या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्या गावाला मैदानाचं महत्त्व बाहेरून येऊन कोणी सांगायची गरज नाही.

मेस्सी आला, ‘महादेवा’ आला. प्रश्न सुटला?

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात येऊन गेला. कोलकात्यात तो लवकर निघून गेला म्हणून संतापलेल्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत, वानखेडेवर, राज्य सरकारच्या ‘महादेवा’ या फुटबॉल उपक्रमाची त्याच्या उपस्थितीत सुरुवात झाली. १३ वर्षांखालील मुला-मुलींची राज्यभर चाचणी, त्यातून ६० जणांची निवड आणि पुढे प्रशिक्षण, असा तो उपक्रम.

उपक्रम चांगला आहे. निवड झालेल्यांत निम्म्या मुली, हे तर फारच चांगलं. पण पुन्हा साधा भागाकार करू. जिल्हे ३६, मुलं ६०. म्हणजे जिल्ह्यामागे दोनसुद्धा येत नाहीत. जी निवडली गेली नाहीत त्यांनी सोमवारी काय करायचं? आणि जी निवडली गेली त्यांना अठराव्या वर्षी गावात परत आल्यावर कोणत्या संघाकडून, कोणाविरुद्ध, कोणत्या रविवारी खेळायचं?

वरून निवड करणं सोपं असतं, त्याला सोहळा करता येतो. खालून सामने भरवणं कंटाळवाणं असतं. त्याला चुना, जाळी, रेफरी, पाणी आणि अँब्युलन्स लागते, दर रविवारी, न चुकता. निवड झालेल्या ६० जणांनाही शेवटी त्याच रविवारांची गरज पडणार आहे.

वरची लीगसुद्धा किती नाजूक आहे ते आपण पाहिलं. आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून अडकला आणि महिनोन्महिने लांबला. देशातले सर्वांत मोठे खेळाडू घरी बसले होते, त्या दिवसांतही आमच्या मैदानावर चुना पडत होता. मोठ्या पैशाला थांबायला करार लागतो. मैदानावरचा खेळ वर्गणीवर चालतो, म्हणून तो असा एका फटक्यात थांबत नाही.

एक कबुली : रेफरीला दिलेली शिवी

प्रेक्षकाची बाजू मांडतोय तर प्रेक्षकाची चूकही सांगतो. तीन वर्षांपूर्वी याच मैदानावर आमचा एक गोल रेफरीने ऑफसाइड ठरवला. मी रेषेपलीकडून त्याला जे बोललो ते इथे छापता येणार नाही. माझ्यासोबत वीसेक जण होते. सगळ्यांनाच ते शौर्य वाटलं.

सामन्यानंतर चहाच्या टपरीवर तोच गृहस्थ गुडघ्याला बर्फाची पिशवी लावून बसलेला. वय पन्नाशीच्या पुढे. एकटाच. मला ओळखलं त्याने. रागावला नाही. म्हणाला, ‘‘लाइनमन असता त मलेही दिसलं असतं, बावा. एकटा माणूस पळून पळून कुठं कुठं पाहीन?’’

त्या दिवशी दोन्ही लाइनमन आलेच नव्हते. आम्ही नव्वद टक्के वेळ ज्याला शिव्या देत होतो, तो तीन माणसांचं काम एकट्याने करत होता. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. चहाचे पैसे द्यायला गेलो तर त्याने आधीच दिले होते.

फुटबॉल टिकवायचा तर आधी पोरं टिकवा असं सगळे म्हणतात. मला वाटतं, आधी रेफरी टिकवा. चांगला खेळाडू नसला तर सामना कमी रंगतो. रेफरी नसला तर सामनाच होत नाही.

आक्षेप काय आहेत?

‘दर्जा नसतो हो.’ बरोबर. पास चुकतात, दुसऱ्या सत्रात दम लागतो. पण घरी मोबाइलवर बार्सिलोना पाहणारा आणि मैदानावर गल्लीतल्या पोराला पाहणारा, दोघं वेगवेगळ्या गोष्टी पाहत असतात. यमाल चुकला तर तुमचं काही जात नाही. शेजारचा पोरगा चुकला तर तुम्ही त्याला उद्या दुधाच्या दुकानात भेटणार असता.

‘भांडणं होतात.’ होतात. त्यावर उपाय सामने बंद करणं हा नाही. वर्षातून एकच सामना असला की त्यावर सगळ्यांची इज्जत टांगली जाते. नऊ सामने असले की एका हरण्याचं ओझं हलकं होतं. माझ्या अनुभवात पोट्टे सर्वांत जास्त भांडतात ते पुढचा सामना नसतो तेव्हा.

‘बाया-पोरी तर दिसतच नाहीत.’ हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. त्या रविवारी तीनशे-चारशे लोकांत मी मोजल्या, सात. मैदानावर स्वच्छतागृह नव्हतं. बाकी सगळी चर्चा नंतर, आधी तेवढं करा. शिव्याही थोड्या आवराव्या लागतील, माझ्यासकट.

मग करायचं काय?

माझं मत थोडक्यात :

• वऱ्हाड लीग. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम. पाच जिल्हे, प्रत्येकी दोन संघ, एकूण १०. नऊ फेऱ्या, दिवाळी ते होळीच्या आत. प्रत्येक फेरीचे पाचही सामने एकाच ठिकाणी, शनिवारी दोन, रविवारी तीन. चार जिल्ह्यांनी दोन-दोन फेऱ्या भरवायच्या, एकाने एक. प्रवास आणि खर्च दोन्ही वाटले जातात.
• नॉकआउट बंद करू नका. ती मजा आहेच. फक्त ती लीगनंतर ठेवा.
• जिल्ह्यात एक मैदान त्या चार महिन्यांत मंडपमुक्त. एकच. बाकीची भाड्याने द्या.
• बक्षिसाची रक्कम थोडी कमी करून रेफरी आणि लाइनमनचं मानधन वाढवा. मोठ्या करंडकाचा फोटो चांगला येतो, पण शिट्टी वाजवायला माणूस लागतो.
• प्रवेश वीस रुपये करा. फुकटच्या सामन्याला लोक फुकटचाच मान देतात. गिला वड्याच्या एका प्लेटपेक्षा ते जास्त नाहीत.

यातलं काहीही करायला नवा कायदा लागत नाही, मेस्सीही लागत नाही. वेळापत्रक लागतं आणि ते पाळणारी पाच-दहा माणसं लागतात. अशी माणसं दोन्ही गावांत आहेत. मी त्यांना दर स्पर्धेत चुन्याची पाटी उचलताना पाहतो.

त्या रविवारी काय झालं?

निर्धारित वेळेत एक-एक. दिवे नाहीत, त्यामुळे जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. प्रकाश इतका कमी झाला होता की शेवटच्या दोन पेनल्टी लोकांनी दुचाकींचे दिवे लावून दाखवल्या. आमच्या गोलकीपरने, त्याच खिळे वेचणाऱ्या पोराने, एक अडवली. तरी आम्ही हरलो, पाच-चार. शेवटची पेनल्टी मारणाऱ्या आमच्या पोराचा फटका दांड्यावरून गेला. वीस वर्षांचा असेल. तो तिथेच गुडघ्यावर बसून राहिला. आधी त्याच्याजवळ समोरचा गोलकीपर गेला, मग त्या दिवसाचे रेफरी.

आमचा हंगाम संपला. म्हणजे या स्पर्धेचे तीन सामने. पुढची स्पर्धा कधी, कोणालाच नक्की माहीत नव्हतं. गोलकीपरला रात्रपाळी होती, तो हातमोजे पिशवीत कोंबून निघाला. मी विचारलं, ‘‘आता पुढं?’’ तो म्हणाला, ‘‘काई ठरलं त फोन करजा.’’

स्टेशनवर येईपर्यंत मी हाच विचार करत होतो की त्याला फोन करायला माझ्याकडे एखादी तारीख असायला हवी होती.